नव्वद ग्रॅमची सुरी

सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हा बायकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. एप्रिल संपता संपता त्यावर एक यादी आली. मे महिन्यात वेरूळच्या मागच्या डोंगरात दोन रात्री तंबू ठोकून राहायचं, पहाटे चढायचं आणि ऊन तापायच्या आत सावलीला यायचं, असं ठरलं होतं. त्यासाठी प्रत्येकीनं काय आणायचं ते लिहिलेलं. टोपी, बॅटरी, पाणी, मीठ-साखरेच्या पुड्या, आणि सगळ्यात शेवटी, एक लहान सुरी. वजनाला हलकी, पातं न मिटणारी.

बाकी सगळं घरात सापडलं. सुरी मात्र नव्हती. म्हणजे सफरचंद कापायला एक होती, पण ती इतकी बोथट की तिनं सफरचंदाला नुसत्या गुदगुल्या व्हायच्या. माझं सगळं आयुष्य विळीवर गेलं. पाचोडला सासरी आले तेव्हा सासूबाईंनी विळीचा पाट माझ्यापुढं सरकवला, त्यावर मी बसले, ती अजून पुरती उठलेली नाही. मधे आम्ही शहरात आलो, चाळीतून फ्लॅटात आलो, शहराचं नाव बदललं. विळी तीच.

मला त्या डोंगरात जायचं होतं. लई जायचं होतं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत मी घराबाहेर ज्या रात्री काढल्या त्या बाळंतपणात, लग्नकार्यात, दवाखान्यात नाहीतर मयतीला. आपल्याला जावंसं वाटलं म्हणून गेले, अशी एकही रात्र नाही.

मी यादी वाचून दाखवली तेव्हा आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "जा की. मी कुठं अडवलंय?"

हे खरंच आहे. यांनी मला कधीच अडवलं नाही. अडवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. जा म्हणायचं आणि मग एक छोटीशी गोष्ट हळूच पुढं ठेवायची, ही यांची पद्धत. "फक्त पाण्याच्या दिवसाचं बघ," हे म्हणाले. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, त्या दिवशी घरातलं कुणीतरी मोटर धरून बसलेलं लागतं. "आणि माझ्या खाण्याचं तेवढं बघ."

यांच्या खाण्याचं सांगते. यांना साखर आहे. डॉक्टरांनी दोन्ही वेळेला ताटभर काकडी, गाजर, मुळा, कांदा खायला सांगितलंय, तेही ताजं चिरलेलं. कुकर यांना लावता येतो. चहा माझ्यापेक्षा बरा करतात. पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून येतात. अडकतं ते एकाच ठिकाणी. यांना चिरता येत नाही. विळीवर गुडघा मोडून बसता येत नाही आणि सुरी हातात धरली की कानिफनाथाच्या जत्रेतल्या तलवारबाजासारखे हवेत फिरवतात. म्हणजे पंचेचाळीस वर्षं मी ज्या खुंट्याला बांधलेली होते तो खुंटा एका काकडीएवढा होता. आणि हे मला सहासष्टाव्या वर्षी कळलं. शाळेत पहिल्या वर्गात पास झालेली बाई मी!

"नात आलीय की सुट्टीला," यांनीच वाट दाखवली. "ती चिरंल."

नात कूलरपुढं पालथी पडून फोन बघत होती. सोळा वर्षांची. बाहेर ऊन असं की खिडकीचे गज हाताला लागले तर चटका बसावा. पडदे ओढलेले, दुपारी बाराला घरात संध्याकाळ. त्या अंधारात पोर मान वर न करता "हं" म्हणाली. तिचं ते "हं" माझ्या ओळखीचं होतं. मलाही कुणीतरी असंच सहज सांगितलं होतं, आणि मीही असंच सहज "हं" म्हणाले होते. आपण उठायचं आणि त्याच पाटावर पोरीला बसवायचं, असली सुटका मला नको होती.

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही चिरायचं. शिका."

हे पेपराचं पान उलटायला विसरले.

सुरी घ्यायला मी आणि नात संध्याकाळी शहागंजला गेलो. पोरीनं दोन दिवस फोनवर काय काय बघून ठेवलं होतं आणि रिक्षात ती मला माझ्याच मास्तरणीसारखं शिकवत होती.

"आजी, मिटणारी घ्यायची नाही. सांध्यात माती जाते, आंब्याचा रस जातो, नीट धुता येत नाही. आणि जोर लावला की बोटावर मिटते."

"आणि न मिटणारी?"

"तिचं पातं मुठीच्या पार शेवटापर्यंत गेलेलं पाहिजे. एकच तुकडा. नुसतं मुठीत खोचलेलं असलं तर एक दिवस निघून येतं."

"तुझ्या आजोबांच्या कवळीसारखं."

"आजी!"

दुकान म्हणजे खुरपी, विळे, अडकित्ते, कुलपं, साखळ्या असं सगळं टांगलेली एक बोळवजा जागा. दुकानदार पांढऱ्या दाढीचा, माझ्याच वयाचा. मी सुरी मागितल्यावर त्यानं चष्मा कपाळावर नेला.

"अम्मा, कायकू होना चाकू?"

"पहाड पे जाना है."

"आप?"

"हौ, मैं. क्यों, पहाड ने मना किया क्या?"

"नै नै," तो म्हणाला, "आजकल पूछना पडता. झगडा-बिगडा तो नै ना?"

"झगड्याला चाकू कशाला लागतो? जबान है ना मेरी."

तेव्हा तो मोकळं हसला आणि त्यानं एक भलंमोठं धूड काढलं, पाठीला करवतीसारखे दात असलेलं. मी म्हणाले, बाबा, मला वाघ मारायचा नाही, काकडी मारायची आहे. मग एकेक सुरी येत गेली. आणि प्रत्येक वेळी तो ती माझ्या हातात न देता फळीवर ठेवायचा, मी तिथून उचलायची. आमच्यातही तसंच. चाकू-सुरी या हातातून त्या हातात दिली की दोघांत भांडण होतं म्हणतात. एवढं एक त्याला न सांगता जुळलं.

जाड पात्याची नको, असं नातीनं सांगितलं. ती लाकडं फोडायला बरी, आपण डोंगरात जाळ करणार नाही, आपल्याकडं गॅसची छोटी शेगडी आहे. पातळ पातं बघू. साध्या लोखंडाची धार फार सुरेख असते, पण कैरी चिरली की ते काळं पडतं आणि घामानं गंजतं. हे मात्र मीच तिला सांगितलं, कारण माझ्या विळीनं दर उन्हाळ्यात ते केलंय. म्हणून न गंजणारं पोलाद. मूठ धातूची नको, मे महिन्यात उन्हात राहिली तर उलथन्यासारखी पोळंल. गुळगुळीत नको, घामानं सटकंल. शेवटी चार बोटं पात्याची, खरखरीत नारिंगी मुठीची एक निघाली. नारिंगी रंग नातीला आवडला, वाळक्या गवतात पडली तर दिसते म्हणून. मला तो केशरी भातासारखा वाटला.

"धार बघू का?" मी विचारलं.

"देखो ना, अम्मा."

मी घरून पिशवीत एक काकडी आणली होती. चपला काढल्या. दुकानाच्या फरशीवर बसले. सुरीची मूठ पायाखाली दाबली, धार वर केली आणि दोन्ही हातांनी काकडी तिच्यावर ढकलली.

"अरे अम्मा! पाँव! पाँव!" दुकानदार फळीवरून अर्धा बाहेर आला. रस्त्यावरचा एक मोटारसायकलवाला थांबून बघायला लागला. नात हात तोंडावर घेऊन भिंतीला टेकली.

काकडीच्या दोन सुरेख चकत्या पडल्या होत्या, आणि मला कळेचना की झालं काय. मग नातीनं मला उठवलं, काकडी फळीवर ठेवली, सुरी माझ्या मुठीत बसवली आणि म्हणाली, "आजी, काकडी इथंच राहते. सुरी चालते."

विळीवर पातं जागचं हलत नाही. बाई जागची हलत नाही. फक्त भाजी येते-जाते. माझ्या हातांना दुसरं काही माहीतच नव्हतं. मी सुरी धरून उभी राहिले आणि हात आपोआप काकडीला सुरीकडं ओढायला लागले. दुकानदारानं हळूच काकडी माझ्यापासून लांब सरकवली आणि म्हणाला, "आहिस्ते, अम्मा. सीख जाएँगे."

घरी येऊन नातीनं सुरी तिनं सोबत आणलेल्या केकच्या वजनकाट्यावर ठेवली. नव्वद ग्रॅम. मग मी गंमत म्हणून विळी ठेवली. दोन किलो तीनशे. पोर म्हणाली, "ही घेऊन डोंगर चढलीस तर तुला बक्षीस." मी म्हणाले, ही घेऊनच चढलेय ना इथपर्यंत. नंतर वाटलं, हे वाक्य मी जरा जास्तच ऐटीत टाकलं. तीही हसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात शाळा भरली. यांना ओट्यापुढं उभं केलं, खाली फळी, हातात नारिंगी सुरी. आणि मला धक्का असा की हे माझ्यापेक्षा लवकर शिकायला लागले. माझ्या हातांना आधीचं विसरायचं होतं. यांच्या हातांना काही येतच नव्हतं, त्यामुळं विसरायची भानगड नाही. पण चकत्या काय! एक पापडासारखी, पुढची दाराच्या कडीसारखी. गाजर तर लाकूडतोड्यानं फोडल्यासारखं.

"द्या इकडं," मी म्हणाले आणि सुरी काढून घेतली.

संध्याकाळी पुन्हा. मुळा. "द्या इकडं."

तिसऱ्या दिवशी कांदा. यांचे डोळे गळतायत, कांदा पळतोय, सुरी अर्ध्यात अडकलेली. माझा हात पुढं गेलाच होता, तेवढ्यात मागून नात म्हणाली, "आजी, तू किती वेळा म्हणतेस हे?"

"काय?"

"द्या इकडं. परवा मलाही म्हणालीस, चहाचं आलं किसताना. बाबांना म्हणतेस. बाबा सांगतात, तू त्यांना लहानपणी कधी काकडीसुद्धा कापू दिली नाहीस."

हे कांद्यावर वाकलेले तसेच राहिले. नाक ओढून म्हणाले, "खरंय पोरी. मी लग्नानंतर पहिल्या वर्षी एकदा विळी ओढली होती. म्हणाली, द्या इकडं, बोट कापाल. तेव्हापासून दिली ती दिलीच."

मला राग आला. आधी यांचा, मग पोरीचा, मग कुणाचाच उरला नाही तेव्हा माझा. वीस-एकवीस वर्षांची ती पोरगी मला दिसली, पदर खोचून, विळीवर ताठ बसलेली, सगळ्या घराचं माझ्यावाचून अडलंय या आनंदात फुगलेली. सासूबाईंनी पाट सरकवला, एवढंच त्यांनी केलं. त्यावर खिळे मारून स्वतःला ठोकून घेतलं ते त्या शहाणीनं.

आणि तिचं शौर्य तरी केवढं! थोरला पोटात होता तेव्हा सूर्यग्रहण आलं. पाचोडच्या घरात सासूबाईंनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, उद्या चिरायचं नाही, फाडायचं नाही, घडीसुद्धा घालायची नाही. आतल्या खोलीत सरळ बसून राहायचं. शहाणी शाळेत विज्ञान शिकलेली. ग्रहण म्हणजे सावली, हे तिला आकृतीसकट पाठ. तिनं ठरवलं, बंड करायचं. गोधडीखाली एक पेरू आणि मामंजींची सुपारी कापायची चिमुकली चाकूळी लपवली. दार लागलं. बाहेर अंधारून आलं, कावळे ओरडायला लागले, आणि आमची क्रांतिकारक हातात चाकूळी घेऊन पेरूकडं बघत बसली. एक घटका गेली. दुसरी गेली. पेरू अख्खा! सूर्याची भीती नाही, चंद्राची नाही, बाई पेरूला घाबरली.

ग्रहण सुटल्यावर दार उघडून बाहेर आले तर चुलीपुढं सासूबाई विळीवर बसून कांदा चिरत होत्या. ग्रहणातच चिरून होत आला होता. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाल्या, "मला काय होतंय? माझं सगळं होऊन गेलं."

पण एक गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही. त्या कोंडलेल्या खोलीत, त्या दोन-अडीच तासांत, मला कुणी हाक मारली नाही. भाजी नाही, भाकरी नाही, ए सूनबाई नाही. हात मांडीवर मोकळे. सासरी आल्यापासून तेवढा निवांतपणा मला पहिल्यांदा मिळाला होता. पुढं कित्येक दिवस मी पंचांग चाळून बघत होते, पुन्हा ग्रहण कधी आहे म्हणून.

तर त्या कांद्याच्या दिवशी मी ओट्यापासून मागं सरकले, स्टुलावर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

"हे काय?" हे म्हणाले.

"ग्रहण," मी म्हणाले. "चिरा तुम्ही."

तो कांदा चिरायला यांना इतका वेळ लागला की मधे कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. माझ्या तळहातांना मुंग्या आल्या. जिभेच्या टोकावर "द्या इकडं" तीनदा येऊन गेलं, तिन्ही वेळा गिळलं. शेवटी ताटात पडलं त्याला कांदा म्हणायचं तर म्हणावं. पण यांनी ते सगळं खाल्लं, आणि सांगते, चवीनं खाल्लं. दुपारभर शेजारच्या घरी भेट द्यायला जावं तसे सारखे स्वयंपाकघरात जाऊन फळी बघून येत होते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी हे एकटेच शहागंजला जाऊन आले. पिशवीतून लाल मुठीची एक लांब सुरी काढून ओट्यावर ठेवली. "तुझी तू ने," म्हणाले. "मला जरा जड बरी. हलकी हातातून उडते." मग थोड्या वेळानं, "दुकानदार विचारत होता, वो पाँववाली अम्मा आपकी क्या?"

"मग काय सांगितलं?"

"सांगितलं, हौ, हमारीच."

दुसऱ्या दिवशी पाण्याचा वार होता. मोटर लावायला हे पहाटेच उठले, आणि मी कमरेला म्यान अडकवून, पाठीवर पिशवी घेऊन खाली जीपमध्ये जाऊन बसले. कुणी अडवलं नाही. मी खिडकीतून वर बघितलं. गॅलरीत नात हात हलवत होती आणि मागं मोटरीचा आवाज येत होता.

आता डोंगरावर पोचून मी मोकळी झाले, असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटंल. झालं ते असं. ऊन उतरल्यावर तंबू लागले, शेगडी पेटली आणि आमच्या ग्रुपची पुढारी, बँकेतून निवृत्त झालेली धिप्पाड बाई, कांद्यांची पिशवी आणि एक फळी घेऊन थेट माझ्यापुढं आली. "वहिनी, झुणक्याचे कांदे तुम्ही घ्या हं. तुमच्यासारखा हात कुणाचा नाही."

आणि मी बसले! विचारसुद्धा केला नाही. एका चपट्या दगडावर बसले, पाय खालून पाट शोधायला लागला, नव्वद ग्रॅमची सुरी म्यानातून बाहेर आली. यांच्या हातातून काढून घेता घेता ती माझ्या हातात चांगलीच बसली होती. पहिला कांदा बारीक, अगदी केसासारखा. "बघा बघा, याला म्हणतात हात," कुणीतरी म्हणालं. मी फुगले. दुसरा कांदा घेतला. बाकीच्या बायका उठून कड्याकडं चालल्या होत्या. त्यांच्यापलीकडं ऊन तांबडं होऊन दरीत उतरत होतं, आणि मी बघत होते कांदा. पिशवीत अजून पंधरा-वीस तरी असतील. हे सगळं चिरून होईस्तोवर दरी दिसणार नव्हती. घरचा पाट सोडून मी चाळीस किलोमीटर लांब येऊन एका दगडावर बसले होते, आणि या वेळी पाट कुणी सरकवलासुद्धा नव्हता.

मी अर्धा कांदा खाली ठेवला.

"मला जमायचं नाही," मी म्हणाले. "मला ग्रहण आहे."

पुढारीण बघतच राहिली. "ग्रहण? आज कुठलं ग्रहण? आणि वहिनी, चिरायचं नसतं ते गरोदर बायकांनी."

"तेच सांगतेय."

"या वयात?"

"विचारू नका. आमचे हे घरी चिरायला शिकलेत, तेव्हापासून घरात काय होईल सांगता येत नाही."

ती एवढ्यानं हसली की कड्यावरच्या बायका मागं वळून बघायला लागल्या. मी सुरी तिच्या हातात दिली नाही. दगडावर ठेवली. तिनं उचलली.

कड्याजवळ जाऊन मी पाय सोडून बसले. दरीतून गरम वारा वर येत होता, खाली कुठंतरी शेळ्या परतत होत्या. मागून फळीवर सुरीचा आवाज येत होता. ठक. मग बऱ्याच वेळानं, ठक. कांदा जाड चिरत होती. न बघता कळत होतं. मुळाची बाजू आधी काढली नव्हती, म्हणून सुरी अडत होती. मला मान वळवायची नव्हती. मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले, त्यांच्यावर सगळा भार दिला, आणि शेवटचा कांदा होईपर्यंत तशीच बसून राहिले.